माइंडसेटराव

सांगोल्यात कुणालाही 'काय चाललंय?' असं विचारलं की उत्तर पाण्यापासून सुरू होतं. टेंभू योजनेचं पाणी कधी सुटणार, कुणाची बोअर किती फुटांवर कोरडी गेली, आटपाडीकडं पाऊस झाला आणि आपल्याकडं नुसतं वारं सुटलं, अशी गाडी फिरत फिरत डाळिंबाच्या भावावर येते आणि तिथं थांबते. माइंडसेटरावांना हाच प्रश्न विचारून बघा. ते डोळे किंचित बारीक करतात, दोन सेकंद थांबतात (हे थांबणं पुण्यातल्या कार्यशाळेत पैसे घेऊन शिकवलेलं आहे) आणि म्हणतात, "प्रोसेसमध्ये आहे."

कसली प्रोसेस, हे विचारायची हिंमत आता गावात कुणी करत नाही. ज्यांनी केली त्यांचे चहा गार झाले.

त्यांचं खरं नाव आधार कार्डावर आहे. गावानं ठेवलेलं नाव माइंडसेटराव, आणि ते त्यांना मनापासून आवडतं. गाव चेष्टा करतंय हे त्यांना कळत नाही, की कळून ते 'रिफ्रेम' करतात, हे सांगता येणार नाही. तसा हा माणूस एकट्या सांगोल्याचाही नाही. आटपाडीला एक आहे, जतला दोन आहेत असं ऐकतो, मंगळवेढ्याचा तर जरा ज्येष्ठ आहे, त्याच्या हाताखाली बाकीचे तयार होतात. ही सगळी मंडळी महिन्यातून एकदा पंढरपुरात जमतात, एसी हॉल घेऊन विश्वाकडं समृद्धी मागतात आणि परत निघताना कळसाला गाडीतूनच हात जोडतात. दर्शनाच्या रांगेत उभं राहणं हे त्यांच्या भाषेत 'लो व्हॅल्यू टास्क' आहे.

माइंडसेटरावांचं स्टेशन रोडला कृषी सेवा केंद्र आहे. गल्ल्याच्या मागं 'उधार मागून लाजवू नये' अशी त्यांच्या वडिलांच्या काळातली पाटी होती. तिच्या शेजारी त्यांनी आता 'येथे नकारात्मक बोलू नये' अशी नवी पाटी लावली आहे. दोन्ही पाट्यांचं गिऱ्हाईक सारख्याच निष्ठेनं ऐकतं. बाहेर मे महिन्यात त्रेचाळीस अंशाचा फुफाटा असला तरी आत मालक काळ्या जाकिटात. कारण 'ड्रेस फॉर द सक्सेस'. फॅनखाली बसून घाम पुसत यशाची वाट बघायची ही रीत मला तरी नवीन होती.

एकदा माझ्यासमोर महूदकडचे एक मामा आले. बागेवर करपा पडलेला, बुरशीनाशक पाहिजे होतं, बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली.

माइंडसेटरावांनी बाटलीला हात लावलाच नाही. दोन्ही कोपरं काउंटरवर टेकून म्हणाले, "मामा, औषध देतो. पण आधी सांगा, तुमचा व्हाय काय आहे?"

"वय? धर की पासष्ट."

"तसं न्हाई मामा. व्हाय. म्हंजे तुम्ही हे सगळं का करताय?"

मामांनी एकदा त्यांच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "का म्हंजे? पानावर ठिपकं आल्यात म्हणून करतूय."

"ठिपके पानावर नाहीत, मामा. ठिपके विचारांवर आहेत."

"आसतील. पर तुज्याकडं पानावरचं औषध हाय का न्हाय, त्ये सांग. रिक्षावाला खोळंबलाय."

मामा शेजारच्या दुकानातून औषध घेऊन गेले. त्या दिवशीच्या वहीत माइंडसेटरावांनी नोंद केली : 'एका माणसाच्या आयुष्यात बीज पेरलं.'

ही वही म्हणजे स्वतंत्र प्रकरण आहे. जाड पुठ्ठ्याची, मखमली खूण लावलेली, वर सोनेरी अक्षरात 'माझी ध्येये'. ध्येयाला तारीख पाहिजे, आकडा पाहिजे, मोजमाप पाहिजे, हा नियम त्यांना पाठ आहे. जॉर्ज डोरन नावाच्या एका अमेरिकी सल्लागारानं १९८१ साली कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी ही स्मार्ट ध्येयांची पद्धत मांडली, तीही ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फोड करून सांगतात. त्यामुळं त्यांच्या वहीत मोघम काही सापडत नाही. '३१ मार्चपर्यंत उलाढाल दुप्पट.' पान उलटलं की '३० जूनपर्यंत उलाढाल दुप्पट.' पुढच्या पानावर दसरा. आकडा तोच, अक्षर तेच, फक्त सण पुढं सरकत जातो.

घरी फ्रिजवर व्हिजन बोर्ड आहे. पांढरी फॉर्च्युनर, कुठल्यातरी परदेशातला निळा समुद्र, तीन मजली बंगला आणि मध्ये ह्यांचा स्वतःचा हाताची घडी घातलेला फोटो. वहिनींनी त्या समुद्रावर गॅसच्या नंबरची चिठ्ठी आणि दुधाचं कार्ड चिकटवलं आहे. फ्रिजवर दुसरी मोकळी जागाच उरलेली नाही. बंगल्याचं चित्र एका मासिकातून कापलेलं आहे. खरं तर इतकं लांब जायची गरज नव्हती. आपल्याच तालुक्यात अजनाळ्याला जाऊन फोटो काढला असता तरी चाललं असतं. तिथं शिवारात डाळिंबावर बांधलेले असे बंगले उभे आहेत की नवखा माणूस रस्ता चुकलो म्हणून गाडी वळवतो. त्यातल्या एकाही मालकानं आधी फ्रिजवर चित्र लावलं होतं असं ऐकिवात नाही. बऱ्याच जणांकडं तेव्हा फ्रिजच नव्हता.

पहाटेचं तर विचारूच नका. रॉबिन शर्मा ह्या कॅनडाच्या लेखकाचं पहाटे पाचला उठण्याविषयीचं पुस्तक २०१८ साली आलं आणि त्याची मराठी प्रत स्टँडवरच्या स्टॉलवरून थेट माइंडसेटरावांच्या उशाला गेली. पाच ते सहा हा विजयाचा तास. वीस मिनिटं व्यायाम, वीस मिनिटं चिंतन, वीस मिनिटं वाचन. कडलास रोडला ते अंधारात पळताना दिसू लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुत्र्यांनी आणि दुसऱ्या आठवड्यात रानातून परतणाऱ्या शेतकऱ्यांनी त्यांना अडवलं.

"एवढ्या पहाटं कुठं, मालक?"

"विजयाचा तास. तुम्ही पण सुरू करा. पाचला उठायचं."

"पाचला उठून कसं चालंल? ह्या आठवड्यात थ्री फेज रात्री बाराला येतीया. मोटर चालू करून, दारं धरून आता घराकडं झोपाय निघालोय."

शेतीच्या लाइटीचं वेळापत्रक आठवडा-आठवडा पालटतं, रात्रपाळीत अख्खं शिवार बॅटऱ्या घेऊन जागं असतं. सापाकिरड्यातून, थंडीतून, कुणाला न सांगता. अशा तालुक्यात पहाटे पाचला उठण्याचा प्रचार करायला खरोखरच मोठा आत्मविश्वास लागतो, आणि तो त्यांच्याजवळ आहे.

त्यांची कोणतीही सवय एकवीस दिवसांची असते. एकवीस दिवस साखर बंद, एकवीस दिवस मोबाइल बंद, एकवीस दिवस तक्रार बंद. हा एकवीसचा आकडा कुठून आला हे मी एकदा त्यांना सांगितलं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा न्यूयॉर्कचा प्लॅस्टिक सर्जन होता. नाक-बिक बदललेल्या पेशंटला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला कमीत कमी एकवीसेक दिवस जातात, असं त्यानं बघितलं आणि १९६०च्या पुस्तकात लिहिलं. पुढं व्याख्यात्यांनी त्यातलं 'कमीत कमी' गाळलं, नाक गाळलं आणि नियम करून टाकला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली ह्या संशोधक बाईंनी ९६ माणसांवर हेच तपासून पाहिलं, तेव्हा साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला.

माइंडसेटराव मन लावून ऐकत होते. मला वाटलं, माणूस खचला. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी दोनशे चौपन्नवाला आहे! अजून भरपूर वेळ आहे की!" आणि त्यांनी समोरच्या कॅरीबॅगेतला पेढा तोंडात टाकला.

संकल्प चारचौघांत जाहीर करावा, म्हणजे माणूस बांधला जातो, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत. पीटर गोलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रयोग करून नेमकं उलटं दाखवलंय. ज्यांचा इरादा दुसऱ्यानं ऐकून घेतला, ती मंडळी नंतर कामाला कमी भिडली; लोकांनी मान डोलावली की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. ह्याला प्रयोगशाळा कशाला? आमच्या स्टँडसमोरच्या टपरीवर रोज तोच प्रयोग चालतो. माइंडसेटराव 'येत्या पाडव्याला प्रोसेसिंग युनिट' म्हणतात, सगळे 'वा मालक' म्हणतात, चहा होतो, पाठीवर थाप पडते. समाधान तिथंच पूर्ण मिळतं. युनिट टाकून आणखी कुठलं जास्तीचं समाधान मिळणार?

धंदे मात्र त्यांनी केले. नाही असं म्हणता येणार नाही. ईमू पाळले. त्या पक्ष्यांचं अंडं, मांस, तेल, कातडं सगळं विकतं असं सांगण्यात आलं होतं आणि घेणारा एकही सापडला नाही. शेवटी ती उंच मानेची पाखरं दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं संशयानं बघत म्हातारी झाली. मग कडकनाथ कोंबड्या. २०१९ला इस्लामपूरकडच्या कंपनीनं कडकनाथच्या नावावर लोकांना कसं बुडवलं ते पेपरात सगळ्यांनी वाचलंय, त्यात ह्यांचेही पैसे होते. मग ड्रॅगन फ्रूटच्या दोनशे खांबांची वार्ता. ते पीक आपल्या हलक्या रानात, कमी पाण्यावर येतं, जत-पंढरपूर भागात लोकांनी चांगलं काढलंही आहे. पण ह्यांनी खांब रोवले आणि रोपं लावायच्या आधी 'ड्रॅगन फ्रूटमधून करोडपती' ह्या विषयावर लोकांना मार्गदर्शन सुरू केलं. खांब अजून आहेत. वहिनी त्यांना तार बांधून धुणं वाळत घालतात.

लोणावळ्याच्या शिबिराची हकिगत तर त्यांच्या आजींच्या तोंडून ऐकावी. तीन दिवसांचं शिबिर, फी भरमसाट, आणि शेवटच्या रात्री पेटत्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालायचं. भीती जळाली, मर्यादा जळाल्या, असं सांगत माइंडसेटराव घरी आले आणि तळपाय दाखवायला लागले. आजींनी चष्मा वर करून तळपाय पाहिले.

"किती पैसं घेतलं म्हणलास?"

त्यांनी आकडा सांगितला.

"आन् आपल्याकडं मोहरमाला पिराम्होरं इंगळावरनं चालत्यात, त्ये काय येडं हायती व्हय? फुकाट चालत्यात. वरनं मलिदा मिळतूय."

निखाऱ्यावर साचलेली राख आणि पावलाचा क्षणभराचा स्पर्श ह्यामुळं पाय सहसा भाजत नाही. त्यात मनोबलाचा भाग आहे तो पहिलं पाऊल टाकण्यापुरता. आजींना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण हिशेब ठाऊक होता.

भाषणात उदाहरणं द्यायची वेळ आली की माइंडसेटराव स्थानिक पातळीवर उतरतात. गणपतराव आबा देशमुखांना ते 'कन्सिस्टन्सीचा आयकॉन' म्हणतात. १९६२ ते २०१४, एकाच मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा आमदार. आबांच्या यशाचं रहस्य काय? 'अफर्मेशन!' असं त्यांनी एका सभेत ठोकून दिलं, तेव्हा मागच्या रांगेतून शेकापचे एक जुने कार्यकर्ते, धोतराचा सोगा सावरत, उठले.

"आबा बहात्तरला पडलं हुतं. पंच्याण्णवला पडलं हुतं. आरशाम्होरं हुबं राहून 'मी जिकणार' म्हणत बसलं न्हाईत. यष्टीत बसून गावं फिरलं. तुमी यष्टीत कदी बसला हुता?"

माइंडसेटरावांनी दोन सेकंद थांबून 'खूप छान प्रश्न' असं म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली. पुढच्या स्लाइडवर शहाजीबापू होते. पंच्याण्णवला आबांना पाडून आमदार झालेले बापू पुन्हा विधानसभेत पोचायला २०१९ उजाडलं, तेही ७६८ मतांनी. मध्ये चोवीस वर्षं गेली. मला विचाराल तर चिकाटीवर बोलायला हे उदाहरण भक्कम होतं. पण माइंडसेटरावांनी ते सोडून २०२२ च्या बंडातला गुवाहाटीचा फोन धरला. 'काय झाडी, काय डोंगार' म्हणजे म्हणे कृतज्ञतेची साधना! सभागृहात जो हशा झाला तो ते टाळ्या समजले. तसं बघितलं तर त्या फोनचा अर्थ लावायला साधनेची गरज नाही. जन्म सगळा बाभळी आणि कुसळं बघण्यात गेलेल्या माणदेशी माणसाला आसामातली हिरवाई दिसल्यावर तो दुसरं काय बोलणार?

इतकं सगळं लिहिल्यावर वाचकाला वाटेल की हा माणूस जन्मजात असाच. तसं नाही. मी ह्यांना आधी बघितलंय. चार एकर भगवा डाळिंब होता ह्यांच्याकडं, आणि तेव्हा हा माणूस जेमतेम बोलायचा.

डाळिंबाला ताण द्यावा लागतो. बहार धरायच्या आधी झाडाचं पाणी तोडायचं. हलक्या रानात महिनाभर, भारीत त्याहून जास्त. शेजारच्या विहिरीत पाणी असलं तरी द्यायचं नाही. पानं पिवळी पडतात, बाग वाळल्यासारखी दिसते, पाहुणे विचारतात, काय झालं हो बागेला. मग इथ्रेल मारून पानगळ करायची, छाटणी, खताचा डोस आणि पहिलं पाणी. तिथून फळ काढणीला यायला सहा महिने. ह्या सहा महिन्यांत फवारण्यांचं वेळापत्रक एक दिवस चुकलं की चुकलं. माइंडसेटरावांनी पंधरा वर्षं हे केलं. सुतळीनं बांधलेल्या एका साध्या वहीत फवारणीच्या तारखा असायच्या, आणि त्या पुढं सरकायच्या नाहीत.

त्या बागेवर तेल्या रोग येऊन गेला, तेही त्यांनी निस्तरलं. पण २०२०च्या पावसाळ्यानंतर मर लागली आणि खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा शिरला. तालुका तेव्हा वेगळ्याच कारणानं गाजत होता. २८ डिसेंबरला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालात शालिमारला निघाली, पंतप्रधानांनी दिल्लीतून हिरवा झेंडा दाखवला. माल घेऊन गाडी गेली आणि पुढच्या दीड वर्षात बागांतून जेसीबी फिरले. ह्यांचीही बाग मुळासकट निघाली. कर्ज तेवढं रानात उभं राहिलं.

त्याच सुमारास कुणीतरी ह्यांना पहिल्या मोफत शिबिराला नेलं. पहिलं मोफतच असतं. व्यासपीठावरच्या माणसानं सांगितलं की तुमच्या अपयशाचं कारण बाहेर कुठंही नाही, ते तुमच्या मनात आहे. हे वाक्य ऐकून मला त्या माणसाला रानात नेऊन एक पोखरलेलं खोड दाखवावंसं वाटलं. पण ह्यांना त्या वाक्यानं बरं वाटलं, आणि त्याचं मला आता नवल वाटत नाही. भुंगेऱ्यावर इलाज नव्हता, पावसावर ताबा नव्हता, बँकेच्या व्याजावर तर नव्हताच. हाताशी उरलेलं एकच रान म्हणजे स्वतःचं डोकं. मग त्यांनी ते नांगरायला घेतलं, आणि पूर्वीच्या सवयीनं त्याला खतही जरा जास्तच घातलं.

गेल्या वर्षी वहिनींनी बचत गटातून कर्ज काढून दोन संकरित गाई आणल्या. नवऱ्याला विचारलं नाही, फक्त सांगितलं. "आवं, पाच-साडेपाचला कॅन घिऊन डेअरीला जावा. न्हाईतरी तुमी उठताच की."

तेव्हापासून माइंडसेटराव खरंच साडेपाचला संकलन केंद्रावर दिसतात. एक दिवस चुकलेला नाही, कारण गाईला एकवीस दिवसांचं काही माहीत नाही आणि कास भरली की ती हंबरते. जाकीट मात्र गेलं. गोठ्यात ते टिकलंच नाही. बोलणं कमी झालंय असं मी म्हणणार नाही. कॅन मोजायला उभ्या असलेल्या रांगेत ते 'लिक्विड इन्कम'वर बोलतात, आणि रांग पुढं सरकेपर्यंत लोकांनाही दुसरं काही काम नसतं.

परवा मी तिथंच होतो. यंत्रात ह्यांच्या दुधाचा नमुना गेला. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागलं तर मूळ दर, खाली घसरलं की कपात. पडद्यावर ३.२ आलं.

माइंडसेटराव यंत्राकडं रोखून बघत म्हणाले, "उद्या ३.८. लिहून ठेव. मी बघू शकतोय तो आकडा."

केंद्रावरचा पोरगा पावती फाडत म्हणाला, "मालक, तुमी बगून काय हुतंय? गाईला पेंड किती घालताय?"

माइंडसेटराव ह्या वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबले. मग खिशातून सोनेरी अक्षरांची वही काढली, नवीन पान उघडलं, वर तारीख टाकली आणि ठळक अक्षरात लिहिलं : 'सरकी पेंड, रोज अर्धा किलो वाढवणे.' शेजारी मुदतीचा रकाना होता. पेनाचं टोपण दाताखाली धरून त्यांनी थोडा विचार केला आणि त्यात भरलं, '३१ मार्च'.

"मार्च कशाला?" पोरगा म्हणाला. "पेंडीचं दुकान म्होरंच हाय. सातला उघडतंय."